समोरच्याचं म्हणणं

पाथरवटाचा सकाळपासून दुसरा फोन आला, तेव्हा थोरली बाबांच्या टेबलाचा शेवटचा खण उपसत बसली होती.

"ताई, मजकूर तेवढा सांगा. दगड घासून तयार आहे. आईंच्या बाजूला आहे तीच ओळ ठेवायची ना? मग मी उद्या सकाळी छिन्नी लावतो."

"संध्याकाळपर्यंत कळवते."

"तीच असली तर बरं दिसतं हो. जोडीचा दगड आहे."

जोडीचा दगड बाबांनीच पसंत केला होता, सहा वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा. डाव्या अर्ध्यावर आईचं नाव, दोन तारखा आणि खाली एक ओळ: पुनरुत्थानाच्या आशेत विसावली. उजवा अर्धा कोरा. तो कोरा ठेवायचा म्हटल्यावर पाथरवट जरा अवघडला होता. बाबाच त्याला धीर देत म्हणाले होते, "मला घाई नाही, पण जागा धरून ठेव."

आता ती जागा भरायची होती आणि थोरलीचा हात अडला होता. तासाभरापूर्वी याच खणात तिला एक वही सापडली होती.

बाबांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. अक्षर छापल्यासारखं. वहीतलं अक्षर त्यांचंच होतं, शंकाच नको. पण मजकूर असा:

'मी छताशी बोलत होतो. ती गेली त्या पहाटे मी मागितलं, साध्या शब्दांत मागितलं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. ऐकून गप्प बसणारा कुणी असेल, तर तो नसलेलाच बरा. मेलेली माणसं परत येत नाहीत. एक आला होता म्हणतात, पण दुःखानं सैरभैर झालेल्या माणसांना काय काय दिसतं, ते मी रोज पाहतो.'

पानामागून पान असंच. कुठे आदळआपट नाही, कडवटपणा नाही. एकेक विधान मोजूनमापून ठेवलेलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बारीक खूण आणि तारीख. नकाशा तपासून झाला, त्यात चूक नाही अशी खात्री पटली, की बाबा कोपऱ्यात अशीच खूण करत. शेवटची खूण ते जायच्या पाच आठवडे आधीची होती.

थोरलीनं चर्चला जाणं कधीचंच सोडलं होतं. त्यात भांडण नव्हतं. वाचन वाढत गेलं, जाणं कमी होत गेलं, आणि एके वर्षी लक्षात आलं की आपण आता जात नाही. बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा ही वही वाचून तिला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, आपलंच बरोबर निघालं म्हणून. तसं काही झालं नाही. आपण सोडून आलेलं घर कुणीतरी झाडूनपुसून ठेवतंय, या भरवशावर ती इतकी वर्षं बाहेर हिंडली होती.

तिनं भावाला फोन लावून वहीचं सगळं सांगितलं.

"अगं ताई, टाक तीच ओळ," धाकटा म्हणाला. "बाबा काय वाचायला येणार आहेत? पाळक खूश, मावशी खूश."

"आणि बाबा?"

"बाबा माझ्या लग्नातही खूश दिसत नव्हते. तो त्यांचा चेहराच होता."

"चेष्टा सोड. चुकीच्या नकाशावर सही करेना म्हणून तीन वर्षं बढती अडली त्या माणसाची. त्याच्या उशाशी मी खोटी ओळ ठेवू?"

"मग नाहीरावांना विचार. दर शनिवारी बाबा त्यांच्याच दुकानात तर पडलेले असायचे."

नाहीराव म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. कुठल्याही वाक्याची सुरुवात 'नाही' अशी करायची खोड, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. देव नाही, आत्मा नाही, आणि उधारी तर नाहीच नाही. ते उलट बाबांना पाद्रीबुवा म्हणत. दफनाच्या दिवशी ते फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभे होते, आत आले नव्हते.

थोरली दुकानात पोचली तेव्हा ते एका आजींना गोळ्या देत होते.

"ही रिकाम्या पोटी नाही, जेवून घ्यायची. आणि शेजारणीला वाटायची नाही. तिचं दुखणं वेगळं."

"तिलापण गुडघाच आहे रे."

"तिचा गुडघा तिच्या डॉक्टरांकडे जाऊ दे."

आजी पायरी उतरल्या. थोरलीनं वही काउंटरवर ठेवली. नाहीरावांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पान पाहिलं आणि तळहातानं ते सारखं केलं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"ठाऊक? माझंच आहे ते."

"अक्षर बाबांचं आहे."

"अक्षर त्याचं. म्हणणं माझं."

तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी काउंटरमागून एक स्टूल पुढे सरकवलं. "बस. नाही, आधी बस."

मग त्यांनी सांगितलं. सुरुवातीच्या काळात दोघं इतकं भांडत, की एकदा तीन आठवडे बोलणं बंद पडलं. चौथ्या शनिवारी बाबा आले ते दोन कोऱ्या वह्या घेऊन.

"म्हणाला, तू मला उत्तर देतच नाहीस. तुझ्या डोक्यात एक बावळट भाविक बसलाय, त्याला देतोस. आणि माझ्या डोक्यात एक उर्मट नास्तिक बसलाय, मी त्याला देतो. आपण दोघं अजून भेटलेलोच नाही. मग आमचा नियम ठरला. समोरच्याचं म्हणणं आपण लिहायचं, आपल्या वहीत, आपल्या हातानं, 'मी' म्हणून. त्यानं वाचून 'हो, मला हेच म्हणायचंय' असं सांगितलं आणि खूण केली, तर पुढे उत्तर द्यायचं, तेही तोंडी. तोवर तोंडाला कुलूप."

"म्हणजे या लाल खुणा..."

"माझ्या. पेन्सिल त्याची."

थोरलीनं ते पहिलं पान पुन्हा वाचलं. दुःखानं सैरभैर झालेली माणसं रोज कोण पाहतं? नकाशे काढणारा पाहत नाही, औषधवाला पाहतो. आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि बापाच्या वहीतलं एक वाक्य नीट वाचता आलं नाही.

"'ती गेली त्या पहाटे' म्हणजे आमची आई नव्हे, तुमच्या घरच्या काकू," ती हळूच म्हणाली.

"हं. आयुष्यात एकदाच मागितलं. कुणाला सांगायची लाज वाटायची, त्याला सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यानं हे लिहून आणलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही, आणि माझं हसंही नाही केलं. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं त्या दिवशी."

"मग बाबांची बाजू?"

नाहीराव मागच्या कपाटाकडे गेले आणि खोकल्याच्या बाटल्यांमागून दुसरी वही काढून आले. त्या वहीला औषधांचा वास येत होता आणि अक्षर डॉक्टरांनाही लाजवील असं होतं.

"तुला लागणार नाही. मीच वाचतो," म्हणून ते वाचू लागले. देव न मानणारा माणूस 'मी' म्हणून बाबांचं बोलत होता, आणि आवाज नकळत बाबांसारखा धिमा झाला होता.

"'मी जमिनीखालचे नळ पाहिलेले नाहीत. या टोकाला दाब नाही, त्या टोकाला पाणी उसळतंय, एवढं दिसलं की मधे कुठेतरी काहीतरी घडलंय असं मी धरतो. ते कुठे, हे पुराव्यानं ठरवतो. इथेही तसंच. आपला गुरू क्रुसावर मेल्यावर दार लावून बसलेली दहाबारा भेदरलेली माणसं. थोड्याच दिवसांत तीच माणसं भर रस्त्यात सांगतात की तो उठला, आम्ही त्याला पाहिलं. त्यातून त्यांना पैसा मिळाला नाही, मान मिळाला नाही, मार मिळाला. चुकीच्या गोष्टीसाठी माणसं मरतात, हे तुझं म्हणणं मला मान्य. पण दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीसाठी मरणं वेगळं, आणि आपणच रचलेली आहे हे ठाऊक असताना तिच्यासाठी मरणं वेगळं. भास झाला म्हणावं, तर तो एकट्याला होतो. आणि दुःखाचा भास माणसाला घरात बसवतो, बाहेर काढत नाही. मी खात्री देत नाही. एवढंच म्हणतो, की मधे काहीतरी घडलं, आणि त्यांनी जे सांगितलं त्याहून चांगला खुलासा मला अजून मिळालेला नाही.'"

खाली लाल खूण. बाबांची.

एक गिऱ्हाईक मलमपट्टी घेऊन गेलं. नाहीरावांनी पान उलटलं.

"'आता दुःखाचं. देव असेल तर माझी बायको का गेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जो पाद्री ते देतो, त्याच्यापासून मी लांब बसतो. पण खात्यात मी दोन प्रकारचे लोक पाहिले. मोठा नळ फुटला की ऑफिसातून फोनवर कारणं सांगणारे, आणि कमरेएवढ्या चिखलात उतरणारा फिटर. ख्रिस्ताबद्दल मी जे मानतो ते दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यानं वरून खुलासा पाठवला नाही. तो खड्ड्यात उतरला आणि त्यात मेला. हे उत्तर नव्हे. पण उत्तर न देता असं कुणी सोबत करत असेल, तर मी त्याच्यावर भरवसा टाकू शकतो.'"

इथेही खूण होती. थोरलीनं नाहीरावांच्या हातातली वही आपल्याकडे वळवली. पुढचं पान तीनदा लिहून तीनदा खोडलेलं होतं. कोपरा कोरा.

"हे काय?"

"हे जमलं नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुझी आई गेल्यावर त्याचा विश्वास टिकला कसा, ते लिहायचं होतं. मी लिहिलं, 'मला आधार हवा होता, म्हणून मी धरून राहिलो.' त्यानं वाचलं आणि म्हणाला, नाही, मला असं म्हणायचं नाही. सहा वर्षांत तीनदा तेच. शेवटी दवाखान्यात नेऊन दाखवलं. तेव्हाही नुसती मान हलवली. सांगायला दम नव्हता त्याच्यात. मला खरंच कळत नाही गं. आधारासाठी नाही, तर कशासाठी?"

ते बोट कोऱ्या कोपऱ्यावर ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण परीक्षेला बसल्यासारखा.

थोरली म्हणाली, "आई गेल्यावर मी महिनाभर त्यांच्याकडे होते. रोज सकाळी प्रार्थनेला बसायचे. एकदा मी विचारलं, बरं वाटतं का त्यानं? तर म्हणाले, नाही वाटत. मी म्हटलं, मग? म्हणाले, बरं वाटणं हा पुरावा नव्हे, आणि बरं न वाटणं हाही नव्हे."

नाहीरावांनी पेन उचललं.

"आणि ऑफिसातला तो त्यांचा वरिष्ठ," ती पुढे म्हणाली. "बढती अडवणारा. तो आजारी पडला तेव्हा बाबा दर बुधवारी त्याच्या घरी जायचे."

"दर मंगळवारी माझ्याकडे येऊन कुरकुरायचा. मला अजिबात जायचं नाही म्हणायचा."

"तेच. आधारासाठी मानलं असतं, तर जिथे आधार मिळतो तिथे थांबले असते. या विश्वासानं तर त्यांना नको तिथे पाठवलं. आपण रचलेली गोष्ट आपल्याला बुधवारी दुपारी उन्हातून अशा माणसाच्या घरी नेत नाही, काका. त्यांना ते सोयीचं वाटत नव्हतं. खरं वाटत होतं. ते घडलं असेल, तर आई गेल्यानं ते न घडलेलं होत नाही. आणि घडलं नसेल, तर आपल्याला कितीही हवं असलं तरी उपयोग नाही. एवढंच असावं त्यांचं."

नाहीरावांनी चौथ्यांदा लिहिलं, सावकाश, तिला वाचता येईल अशा अक्षरात. मग स्वतःशीच पुटपुटत पुन्हा वाचलं.

"हं," ते म्हणाले. "हे त्याचं वाटतं. मला पटलं नाही. पण त्याचं वाटतं."

कोपरा त्यांनी कोराच ठेवला. ज्याचं म्हणणं त्यानंच खूण करायची, हा नियम होता, आणि तो मोडायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

थोरलीनं तिथूनच पाथरवटाला फोन लावला.

"तीच ओळ. आईच्या बाजूला आहे ती. फक्त विसावले, असं करा."

"नक्की ना, ताई? सकाळपासून तुमचं तळ्यात मळ्यात चाललंय म्हणून विचारतो. दगडावर खोडता येत नाही."

"नक्की. त्यांचंच म्हणणं आहे ते."

फोन ठेवल्यावर नाहीराव काउंटरवरची धूळ नसलेली जागा पुसत म्हणाले, "दगड बसवताना पाळक प्रार्थना म्हणतील ना?"

"म्हणतील."

"मी आत येऊन उभा राहीन म्हणतो. डोळे मिटणार नाही."

"नका मिटू. बाबाही मधेच उघडून बघायचे, कोण कोण आलंय ते."

ते हसले. थोरली उठली, पर्स खांद्याला लावली, आणि पुन्हा स्टुलावर बसली.

"काका, ती भेदरलेली माणसं. दार लावून बसलेली. बाबांनी त्यावर खूण केली, म्हणजे उत्तर द्यायची पाळी तुमची होती. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

नाहीरावांनी दोन्ही वह्या एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या.

"नाही," ते म्हणाले, "त्या दिवशी काही सुचलं नाही. मी चहा मागवला."