देश भरलाय, सोफ्यावर जागा आहे

मी फोनवरून लोकांची मतं विचारतो. मला स्वतःला मत असायची परवानगी नाही, निदान कामाच्या वेळेत.

सध्या आमच्याकडे देशाच्या लोकसंख्येचा सर्व्हे चालू आहे. बाहेरून येऊन इथे राहणाऱ्यांची संख्या खूप वाढवावी, थोडी वाढवावी, आहे तशी ठेवावी, थोडी कमी करावी की खूप कमी करावी? सगळे पर्याय एकाच सपाट आवाजात वाचायचे, म्हणजे आमचा कल कुठे आहे ते समोरच्याला कळत नाही. या आवाजाचं आम्हाला रीतसर प्रशिक्षण मिळतं. सुपरवायझरबाईंच्या मते ऑफिसात माझा आवाज सर्वांत उत्तम. पलीकडे माणूस आहे असा संशयसुद्धा येत नाही. उत्तर आलं की दोनच वाक्यं बोलायची मुभा: ‘तुमच्या मते जे योग्य ते’ आणि ‘आणखी काही?’

मी स्वतः बाहेरून आलेला. लहानपणी आईबाबांच्या सुटकेसवर बसून आलो. त्यामुळे माझं काय करावं हे लोक दिवसभर मलाच सांगत असतात. मी टाइप करून घेतो. बहुतेक जण ‘खूप कमी करा’ म्हणतात आणि लगेच पुस्ती जोडतात, की आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मात्र हात लावायचा नाही. कुणाला प्लंबर वगळायचा असतो, कुणाला सून. एका आजोबांनी समोरची अख्खी इमारत वगळायला सांगितली, कारण त्यांच्या मांजराचं तिथे जाणंयेणं आहे. अपवादांसाठी आमच्या कॉम्प्युटरवर जागाच नाही.

त्या गुरुवारी नंबर लागला, पलीकडे कुणीतरी घसा खाकरला आणि मागे कोंबडा आरवला. कोंबडा भिंतीवरच्या घड्याळातला होता. कधीही, कसाही आरवणारं असं घड्याळ मी एकाच घरात पाहिलं होतं: माझ्या मैत्रिणीच्या. फोनवर तिचे वडील होते, आणि येत्या रविवारी मी त्यांच्याकडे आमच्या लग्नाचं विचारायला जाणार होतो.

ओळखीचा माणूस लागला तर फोन बंद करायचा, असा नियम आहे. तो मला नेमका तेव्हा आठवला नाही. नंतर लख्ख आठवला.

काका निवृत्त बस ड्रायव्हर. मला त्यांनी दोनदा पाहिलेलं, पण ऑफिसचा आवाज ऐकलेला नव्हता. प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाले, “खूप कमी. जन्मभर बस चालवली आहे मी. गाडी भरली की भरली.”

“आणखी काही?” हे विचारावंच लागतं.

“आहे ना. आमची पोरगी बाहेरून आलेल्या एकाशी लग्न करायचं म्हणतेय. रविवारी येतोय तो.”

“आणखी काही?”

मग काका मोकळेच झाले. पोरगा तसा बरा आहे. पण चहा हवा का विचारलं तरी ‘चालेल’ आणि नको का विचारलं तरी ‘चालेल’. आणि बसतो कसा, तर सोफ्याच्या अगदी टोकाला, जणू पुढच्या थांब्यावर उतरायचंय. उद्या खरंच उतरला आणि पोरीला घेऊन परत गेला, तर इथे आम्ही दोघांनी काय कोंबड्याशी बोलायचं?

“तुमच्या मते जे योग्य ते,” मी म्हणालो.

“तेच तर कळत नाही,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मैत्रिणीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. गोपनीयता.

रविवारी ठरवून सोफ्यावर पार मागे टेकून बसलो. सोफा खोल निघाला, माझे पाय अधांतरी. काकांनी त्या पायांकडे बराच वेळ पाहिलं.

“इथे राहणार आहेस, की जाणार?”

घाबरलो की मी प्रशिक्षणावर चालतो. “इथेच राहणार,” मी सपाट आवाजात म्हणालो. “आणखी काही?”

कोंबडा आरवला. काकांची मान हळूहळू तिरकी झाली.

“गुरुवारी फोनवर तू होतास.”

“हो.”

“मग माझं उत्तर बदल.”

“फोन ठेवल्यावर उत्तर बदलता येत नाही, काका.”

मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. काका मात्र विचारात पडले. “नकोच बदलूस. देशाचं माझं मत आहे तेच आहे. घराचं तू विचारलंच नव्हतंस.”

“यांचं काय ऐकतोस तू,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “गाडी भरली, गाडी भरली म्हणून ओरडायचे आणि थांब्यावरचं एक माणूस मागे सोडायचे नाहीत. डेपोत बोलणी खायचे त्यापायी.”

काकांनी पुन्हा घसा खाकरला. मग उठून सोफ्यापाशी आले. माझ्या शेजारी अख्खा सोफा रिकामा होता, तरी म्हणाले, “चला, आत सरका.”

मी सरकलो. शेजारी ते बसले, मग मैत्रीण, मग हात पुसत काकू. सोफा तिघांचा आहे. कुणी उठलं नाही.

सोमवारी मी त्या फोनची नोंद रद्द करून घ्यायला गेलो. ओळखीचे निघाले, म्हणालो. कोण लागतात, सुपरवायझरबाईंनी विचारलं.

“सासरे,” मी म्हणालो. आवाज इतका वर गेला की त्यांनी मला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं.