अर्धी सही

धाकट्याने काचेवर लाकडी पट्टी धरली, हिऱ्याची कलम एकदाच ओढली आणि काचेची कड टेबलाबाहेर घेऊन हलकेच दाबली. काच सरळ रेषेत तुटली. समोर थोरला भाऊ तसबिरीच्या चौकटीला खिळे मारत होता. दोघांचं मिळून काचेचं दुकान. तोंडात चार खिळे धरूनच थोरल्याने विचारलं, काल डॉक्टर काय म्हणाल्या.

"गुरुवारी हिची परत दुर्बिणीतून तपासणी," धाकटा म्हणाला. "तिसऱ्यांदा."

थोरल्याने खिळे तोंडातून हातावर काढून घेतले.

"तुझा नवा रिपोर्ट आला होता ना?"

"आला. मार लागला होता का म्हणून विचारत होत्या."

"मग?"

"नाही म्हटलं."

थोरला 'बरं' म्हणाला आणि पुन्हा ठोकायला लागला. दोन खिळे वाकडे गेले.

सहा वर्षं दोष धाकट्याच्या बायकोचाच धरला गेला होता. लग्नानंतर दोन वर्षांनी धाकट्याचा पहिला रिपोर्ट आला तो फक्कड, संख्या भरपूर. आईने तो कागद कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला होता. त्यानंतर ज्या तपासण्या झाल्या त्या सगळ्या सुनेच्या. दोनदा तिला भूल दिली, दोनदा पोटाला छिद्रं पाडून आत पाहिलं, दोन्ही वेळा काही सापडलं नाही. सापडत नाही म्हणजे खोलवर असेल, असं आईचं म्हणणं. आईला कोण समजावणार.

या नव्या डॉक्टरबाई मात्र संख्येवर थांबल्या नाहीत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिलं, तर भरपूर असलेले ते शुक्रजंतू एकमेकांना चिकटून जागच्या जागी थरथरत होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. शुक्रजंतू मुलगा वयात आल्यावर तयार होतात, आणि आपलं कोण, परकं कोण हे शरीर त्याच्या कितीतरी आधी शिकून बसलेलं असतं. म्हणून मध्ये एक भिंत असते. त्या भिंतीला कधी तडा गेला, तर रक्तातले पहारेकरी त्यांना पहिल्यांदाच पाहतात आणि परके समजून धरून ठेवतात. स्वतःच्याच घरात.

धाकटा मान डोलवत होता. आपल्याला वाईट वाटायला हवं, निदान बायकोकडे बघायला तरी हवं, हे त्याला कळत होतं. पण दाताच्या डॉक्टरकडून परत येताना ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

आत जाण्याआधी बाहेरच्या खोलीत बायकोने त्याचा फॉर्म भरला होता. तिचं अक्षर चांगलं, म्हणून असले कागद तिच्याकडेच. एका प्रश्नाशी ती थबकली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, त्या जागी पूर्वी कधी मार लागला होता का. तो नाही म्हणाला. तिने 'नाही' लिहिलं. डॉक्टरांनीही तेच विचारलं. मार लागलेला असता तर कारण हाती आलं असतं, मग बायकोच्या पोटाला पुन्हा छिद्रं न पाडता सरळ प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा विचार करता आला असता. पण शुक्रजंतूंच्या अशा गाठी कधीकधी मुलंबाळं असलेल्या पुरुषांतही दिसतात, तेव्हा बायकोत काही राहून गेलंय का ते आणखी एकदा बघितलेलं बरं. आठवून बघा, त्या म्हणाल्या. त्याने आठवून बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा नाही म्हणाला.

आठवायची गरजच नव्हती. तो चौदा वर्षांचा होता, दादा सोळाचा. याच दुकानाची पाटी पुसायला शिडी लावली होती. दादाने खाली धरायची, याने वर चढायचं. समोरच्या फुटपाथवरून दादाच्या वर्गातली एक मुलगी गेली आणि दादाने शिडी सोडली. धाकटा दोन पाय दोन बाजूंना असा पायरीच्या लोखंडी कठड्यावर आदळला. दादाने त्याला पाठुंगळी मारून घरी नेलं. वाटेत रडत होता तो दादाच. 'पोटात दुखतंय म्हण,' तो सांगत होता, 'नाहीतर बाबा मला सोलून काढतील.' आठ दिवस धाकटा पोटात दुखतंय म्हणत पडून राहिला. आई पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची.

बाबांचा दुकानात एक नियम होता. काच फुटली की कुणाच्या हातून फुटली हे विचारायचं नाही. विचारलं की माणूस घाबरतो आणि दुसरी फोडतो. दोघांनी दोन झाडू घ्यायचे, तुकडे गोळा करायचे, कामाला लागायचं. बाबांच्या लेखी हा नियम फक्त काचेपुरता होता, बाकी चुकांना ते सरळ हात उगारायचे. पोरांनी मात्र तो सगळ्यालाच लावून टाकला. पुढे बाबा गेले, भावांची लग्नं झाली, थोरल्याला दोन मुली झाल्या. शिडीचं नाव दोघांपैकी कुणी पुन्हा काढलं नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला बायको दुकानात आली. हॉस्पिटलातून संमतीचा कागद आणला होता, नवऱ्याची सही लागते म्हणाली. थोरल्याने तिला स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही.

"या वेळी मलाही दाखवा म्हणणार आहे," ती म्हणाली. "एवढं काय लपवून ठेवलंय मी पोटात, बघू तरी."

ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही. पर्समधून तिने पेन काढून दिलं. धाकट्याने कागद टेबलावर सरळ केला, बारीक अक्षरांकडे न बघता खालच्या रेघेवर पेन टेकवलं. स्वतःचं नाव लिहिलं. बाबांचं नाव लिहिलं. तेवढ्यात मागे काच फुटली.

पंचवीस वर्षांत थोरल्याच्या हातून एवढी मोठी काच पडली नव्हती. दारापासून कपाटापर्यंत तुकडेच तुकडे झाले. दोघं भाऊ सवयीने कोपऱ्याकडे वळले, एकेक झाडू घेतला आणि उकिडवे बसले.

"शिडी मी सोडली होती," थोरला म्हणाला.

धाकट्याचा झाडू चालूच होता.

"कुठली शिडी, दादा?" बायकोने विचारलं.

थोरल्याने मान वर न करता सगळं सांगितलं. पाटी, समोरून गेलेली मुलगी, कठडा, पाठीवरचं ओझं. पोटात दुखतंय म्हण, हेही सांगितलं. माझ्या मुली झाल्या तेव्हा दोन्ही वेळा सांगणार होतो, म्हणाला, पण धीर झाला नाही. बोलताना तो तुकडे भरत होता आणि त्याचं बोट कापलं होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"फॉर्म भरताना मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आत डॉक्टरांनी विचारलं."

"हो."

तिचा हात कधीच पोटावर गेला होता. दोन्ही वेळच्या टाक्यांचे व्रण तिथेच होते, बेंबीच्या खाली. तिला संताप आला होता आणि तो काढायला एवढ्याशा दुकानात जागा नव्हती. तिने टेबलावरचा कागद उचलला, त्यावरचा काचेचा चुरा झटकला आणि उजेडाकडे धरला. नवऱ्याचं नाव होतं, सासऱ्यांचं नाव होतं. आडनाव तेवढं राहिलं होतं.

"दादा बोलले नसते तर?" तिने विचारलं.

धाकट्याने झाडू खाली ठेवला. उत्तर तिच्या हातात होतं. तिने कागद फाडला नाही. चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

"चला," ती म्हणाली. "डॉक्टर एकपर्यंत असतात. आज फॉर्म तुम्ही भरायचा."

पेन तिने परत मागितलं नाही.