दोनशे अठ्ठ्याऐंशी वाचक

“तुझ्या आईची साइट बंद पडलीय,” इंजिनिअरने फोन कानाला लावताच वडील म्हणाले. “कालपासून चिटपाखरू फिरकलं नाही.”

त्याने फोन खांद्यात धरून दुसऱ्या स्क्रीनवर नजर टाकली. हिरवा ठिपका जागेवर होता.

“चालू आहे, बाबा.”

“मग माणसं कुठे गेली?”

आई शिवणाचे क्लास घेई. कापड कसं बेतावं, काज कसं करावं, अशी टिपणं तिने अकरा वर्षं साइटवर लिहिली. ती गेली त्याच महिन्यात सर्व्हर दोन दिवस झोपला, तेव्हा वडिलांचा फोन आला होता, “तुझी आई दिसत नाहीये रे.” रडायला इंजिनिअरला सवड नव्हती, त्याने वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती दर पाच मिनिटांनी साइटचं दार वाजवी, आतून ‘ओ’ आली की परत फिरे. नाही आली तर याच्या मोबाइलवर बोंब मारी. घरी जायला त्याला तीन तीन महिने जमत नसे. साइटची विचारपूस मात्र दिवसातून दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा होई.

एक चूक राहिली होती. साइटवरचा दिवसभरातल्या भेटींचा आकडा स्क्रिप्टलाही माणूस धरत होता. काल आवराआवर करताना ती त्याच्या ध्यानात आली, आणि नीटनेटका माणूस म्हणून त्याने ती सुधारली. आज आकडा होता एक. तो एक कोण, हे वेगळं शोधायची गरज नव्हती.

“मला सोडून रोज दोनशे अठ्ठ्याऐंशी,” वडील म्हणाले. ते गोदामातल्या साठ्याच्या हिशेबाच्या कामावरून निवृत्त झालेले, आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. “एक कमी नाही की जास्त नाही. म्हटलं, नेमाची माणसं आहेत, तुझ्यासारखी नाहीत. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवलंय.” मग आवाज खाली आला. “तिनं वर्षभर नवीन काही लिहिलं नाही, म्हणून कंटाळली असतील का रे?”

कालची सुधारणा मागे घ्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. इंजिनिअरची बोटं कीबोर्डवर गेलीही.

“बाबा, ती माणसं नव्हती.”

“मग?”

“माझा प्रोग्राम होता. पाच पाच मिनिटांनी जायचा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सगळे दोनशे अठ्ठ्याऐंशी?”

“सगळे.”

“वाचायचा तरी का?”

“नाही. साइट चालू आहे ना, एवढंच बघायचा.”

“हं,” वडील म्हणाले. “म्हणजे तू मला फोन करतोस तसंच.”

टोमणा असता तर इंजिनिअरने परतवला असता. पण वडील नुसता हिशेब जुळवून बघत होते, आणि तो जुळला होता. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. इंजिनिअरने स्क्रिप्टची खिडकी मिटली आणि ब्राउझरमध्ये आईच्या साइटचा पत्ता टाइप केला. एकसष्ट टिपणांची यादी उघडली. त्यातलं एकही त्याने वाचलेलं नव्हतं.

“दोन झाले,” थोड्या वेळाने वडील म्हणाले. “तू का?”

“हो.”

“काय उघडलंस?”

“मुलांच्या पँटची दुमड.”

“वाच की मग. मोठ्यानं वाच.”

त्याने घसा खाकरला. “‘शाळेची पँट शिवताना दुमड चार बोटं ठेवावी, दोन नाही. मूल सांगून वाढत नाही. माझा तर एका सुट्टीत...’”

पुढची ओळ स्क्रीनवर स्पष्ट होती, पण त्याला ती उच्चारता येईना. मग कुठेही न अडखळता, पाठ असल्यासारखं, वडिलांनीच पुढचं म्हटलं,

“‘एका सुट्टीत एवढा वाढला, की ओळखूच येईना. म्हणून कापड राखून ठेवावं. उसवायच्या वेळी आपण असूच असं नाही.’”