‘ब्रेक’चे चाळीस वाक्प्रचार

लाखनीत हायवेला लागून असलेल्या एका गाळ्यात मी बावीस वर्षांपासून इंग्रजी शिकवतो. एका दिवसाला एक क्रियापद, असा माझा शिरस्ता. सोमवारी ब्रेक, मंगळवारी कट, बुधवारी स्ट्राइक. मी वहीतून त्याचे वाक्प्रचार आणि अर्थ वाचायचे, समोरच्यांनी उतरवून घ्यायचे. वही पहिल्या वर्षी केलेली, अजून तीच. तोडा, कापा, मारा यातच जन्म गेला. आता सोमवार उजाडला की बोलायच्या आधीच घसा दुखू लागतो.

वच्छलाबाई माझी वयानं सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. जवळच्याच गावात अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. हुकली तर निवृत्तीपर्यंत तीच खिचडी आणि तीच रजिस्टरं. सकाळी अंगणवाडी, दुपारी शेतात, बांधीतली धानाची रोवणी आणि संध्याकाळी माझा वर्ग. वाक्प्रचार ती चिखलात वाकूनच पाठ करायची, धानाच्या एका ओळीला एक. रोवणीच्या बायाही गाणं सोडून तिच्यामागून म्हणतात, असं तिनंच हसत सांगितलं होतं.

एका गुणानं ती संधी गेली.

प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन ती आली, तेव्हा चूक परीक्षा घेणाऱ्यांचीच असणार, असं मी छातीठोकपणे सांगितलं. इंग्रजीचा एकच प्रश्न चुकला होता. ‘ब्रेक द बॅक ऑफ द वर्क’चा अर्थ विचारला होता. कामानं थकून जाणं, या पर्यायावर तिनं खूण केली होती. तालिकेत होतं, कामाचा अवघड भाग उरकणं.

वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, कामानं कंबर मोडणे. मग कपाटातला शब्दकोश काढला. तालिका बरोबर होती. वही करताना या ओळीसाठी शब्दकोश बघायची गरज मला वाटलीच नव्हती. कामानं कंबर मोडते हे इथं कुणाला शिकवावं लागतं?

घटकाभर वाटलं, हरकत नोंदवायला सांगावं. ती फेटाळली जाईल आणि दोष सरकारच्या माथी जाईल. पण ती समोर बसली होती, हाताच्या बोटांना अजून चिखलाच्या भेगा होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

“वच्छलाबाई, मीच तुमाले चुकीचं शिकवलं.”

ती शांतपणे म्हणाली, “मले मालूम होतं, सर.”

परीक्षेच्या आठ दिवस आधी तिच्या लेकीनं, खुशबूनं, मोबाइलवर बरोबर अर्थ दाखवला होता. मग तो का लिहिला नाही, असं मी विचारलं.

“मोबाइल काईबी सांगते. तुमी बावीस वर्सापासून शिकवून राहिले. मी म्हटलं, सर कायले चुकतीन?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवले, चपला घातल्या. बाहेर पुढच्या वर्गाची पोरं जमू लागली होती.

“औंदा खुशबूले तुमच्याकडंच पाठवीन,” ती म्हणाली.

“नका पाठवू. तिचा मोबाइलच बरोबर सांगते,” मी म्हणालो.

ती दारातच थांबली. नापास झाल्याचं सांगताना कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरून आले.