घोडी हरवली आहे

“मीरगुल, मिळाला! खराखुरा मजकूर मिळाला!” सायकाल फोनमध्ये इतक्या जोरानं ओरडली, की बसथांब्यावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या दोघी बायका दचकून बाजूला सरकल्या.

खांबावर वहीचं एक पान चिकटवलेलं होतं. सायकालनं ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

“घोडी हरवली आहे. रंग कुमैत, तांबूस-काळा, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा, मांडीवर चंद्रकोरीचा डाग. गाभण आहे. डाव्या बाजूनं जवळ गेलात तर चावते. दिसली तर आधी पाणी पाजा, मग फोन करा. चोरोबाय, कारा-बुलुन.” खाली नंबर होता.

पलीकडे बिश्केकमध्ये मीरगुलनं बोटं मोजायला घेतली. मग म्हणाली, “रंग आले, अवयव आले, जर-तर आलं, आज्ञार्थ आला. अगं, हा अख्खा धडाच आहे!”

“आणि त्यात माझा एक शब्द नाही!”

“परवानगी?”

सगळं घोडं तिथंच अडत होतं. सायकाल नारीनच्या शाळेत सव्वीस वर्षं किर्गिझ शिकवत होती आणि गेली सहा वर्षं संध्याकाळी परदेशी पाहुण्यांनाही. त्यांच्यासाठी जे जुनं पुस्तक होतं, त्यात असान शाळेत जायचा, मग उसेन शाळेत जायचा. शेवटी सो-यून नावाच्या कोरियन मुलीनं विचारलं होतं, “सायकाल एजे, ताई, हे दोघं बाजारात कधी जाणार? माझे दोन महिने संपत आले.” त्या दिवशी सायकाल हसली, पण घरी जाऊन तिनं ते पुस्तक कपाटात कोंबलं. मग मीरगुलबरोबर नवं पुस्तक करायला घेतलं. अट मीरगुलची होती. प्रत्येक मजकूर माणसांनी माणसांसाठी लिहिलेला हवा आणि लिहिणाऱ्यानं तो सगळ्यांना खुला करून दिलेला हवा. कुणीही छापावा, वाटावा, बदलावा. फक्त मूळ नाव द्यावं. अख्खा हिवाळा सायकालनं शोधाशोध केली. वर्तमानपत्रं नाही म्हणाली. गाण्यांचे मालक फोन उचलेनात. इंटरनेटवर सापडेल त्याचा लिहिणारा सापडत नव्हता. आठ धडे कसेबसे जमले, नववा रिकामाच होता.

“उद्या दुपारी बाराला पानं छापखान्यात जाणार,” मीरगुल म्हणाली. “सही नाही आली तर नवव्यात असानला पाठवते शाळेत.”

“खबरदार!”

तिनं तिथूनच नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत आवाज आला, “सापडली?”

“नाही हो, चोरोबाय आके. मी नारीनहून शिक्षिका बोलतेय. तुमच्या जाहिरातीबद्दल…”

“बरं. या,” एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाड्याच्या गाडीत पाचवी होऊन कारा-बुलुनला पोचली. एप्रिल लागला होता, तरी खिंडीत बर्फ होतं. चोरोबायच्या बायकोनं, उमसुनायनं, तिला आत नेऊन चहा ओतला, पाव-साय पुढं केली. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता.

“चुका काढायला आलात ना?” तो म्हणाला. “शाळेत आमचे मास्तर माझी वही वर्गाला वाचून दाखवायचे. पोरं पोट धरून हसायची.”

“आके, मलाही तुमचं लिहिणं वाचूनच दाखवायचंय. पण लोकांनी त्यातून आपली भाषा शिकावी म्हणून.”

“यातनं? यात काय आहे? जे होतं ते लिहिलं.”

“तेच तर कुणी लिहीत नाही!”

तिनं जाहिरात उतरवलेला परवानगीचा कागद काढून एकेक वाक्य समजावलं. ‘बदलावा’पाशी म्हाताऱ्यानं हात वर केला.

“बदलावा म्हणजे? उद्या कुणी माझी घोडी पांढरी करेल?”

“करू शकेल. पण बदल केलाय, असं त्याला खाली लिहावं लागेल.”

“म्हणजे पांढरी चोरोबायनं केली नाही, हे कळेल?”

“कळेल.”

“मग करू दे. गाढवाला काय, कुठलीही घोडी सारखीच.”

उमसुनाय डोक्यावरच्या रुमालाआड हसली. “चाळीस वर्षं मी या घरात बोलतेय, माझं कुणी अक्षर छापलं नाही. याचं एक पान खांबावर लागलं की आल्या बाई गाडी करून!”

सही करता करता म्हातारा थांबला. “यात माझा फोन नंबर नाही.”

“नंबर आम्ही छापत नाही, आके. वाचणारे कोरियात असतील, जर्मनीत असतील…”

“मग दिसली तर त्यांनी करायचं काय? घोडी पायांनी चालते, बाई. कुठवर गेली मला काय ठाऊक?”

सायकालनं स्वतःच्या हातानं कागदावर नंबर लिहिला आणि त्याखाली ‘नंबरासह छापण्यास हरकत नाही’ असंही लिहिलं. त्यानं सावकाश, एकेक अक्षर उभं करत सही केली. साडेअकरा वाजून गेले होते आणि घरात फोनला रेंज नव्हती, दारात होती ती फोटो जाण्याइतकी नव्हती. सायकाल बुटांचे बंद न बांधताच मागच्या टेकाडावर धावत सुटली. कागदाचा फोटो गेला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘नववा धडा पक्का!’ ती चिखलातून घसरत, ओरडत खाली आली. “आके! छापतायत! तुम्ही छापून येताय!” शेजारची कुत्री भुंकायला लागली, माणसं दारात आली. पन्नाशीला टेकलेल्या सायकालनं उमसुनायला धरून गरकन एक गिरकी घेतली.

ऑक्टोबरात ती पुस्तक घेऊन पुन्हा गेली. म्हाताऱ्यानं चष्मा मागवला आणि उभं राहून नवव्या धड्याचं पान वाचलं. दोनदा वाचलं. आपल्या नावावरून बोट फिरवलं. घोडीचं काही कळलं का, हे विचारायचा धीर सायकालला झाला नाही; अंगणातली रिकामी दावण तिनं येतानाच पाहिली होती.

“फोन येतात,” उमसुनाय हळूच म्हणाली. “कुठकुठली पोरं, पुस्तकातला नंबर बघून. अडखळत बोलतात. हा दर वेळी धावत जातो.”

तेवढ्यात रिंग वाजली. घरात रेंज नसल्यामुळं म्हाताऱ्यानं फोन दारात खिळ्याला टांगला होता. तो गेला, टोपी सारखी केली.

“सापडली?”

पलीकडून एका मुलीचा आवाज आला, एकेक शब्द जोडत. सायकालला आतपर्यंत ऐकू आलं, “आके, तुमचा… घोडा… मिळाला का?”

म्हाताऱ्यानं खिंडीकडे बघितलं.

“नाही, बाळ. अजून नाही,” तो म्हणाला. “आणि घोडा नव्हे, घोडी. वेगळा शब्द आहे. म्हण बरं.”

तिनं म्हटलं.

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला आणि थंडीत तसाच उभा राहिला.