नावाचा रकाना

अंगठ्याकडच्या हाडाला, मनगटाच्या किंचित वर, एक काळी रेघ होती. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, बाहेरच्या कडेला जरा जास्त. बेर्नादेत बिलुंगने एक्स-रेची फिल्म वर्गाच्या खिडकीला धरली आणि त्या रेघेवरून दोनदा नजर फिरवली. रेघ कुठेही तुटलेली नव्हती. हाड वाढतं ती ही जागा, मुलींमध्ये सोळाव्या-सतराव्या वर्षी मिटते, हे बेर्नादेत दरवर्षी नववीला शिकवत असे.

म्हणजे वयाच्या तपासणीत पोरगी पकडली जाणार नव्हती. फिल्म खाली ठेवताना बेर्नादेतच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालेला नाही. रेघ मिटलेली निघाली असती, तर अर्जात कोणती तारीख लिहायची याचा निर्णय हाडानेच घेऊन टाकला असता.

पोरगी म्हणजे एर्मेलिना सोरेंग. सगळे तिला लिना म्हणत. जामडेग्याच्या मिशन शाळेत बेर्नादेत विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी मुलींचा हॉकी संघ तयार करायची. लिना त्या संघाची सेंटर फॉरवर्ड. खेळाच्या सरकारी वसतिगृहासाठी मुली निवडायला राजधानी पाटण्याहून साहेब फेब्रुवारीत येणार होते. अट एकच, एक जानेवारीला वय चौदाच्या आत हवं. लिनाला चौदा पूर्ण होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

तिची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात बेर्नादेतनेच लिहिली होती, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीवरून. आसपासच्या शाळांतले मास्तर नाव घालतानाच मुलीचं वय दोन वर्षांनी उतरवून टाकत. पुढेमागे खेळली तर उपयोगी पडेल, एवढाच हिशेब. जामडेग्यात खरी तारीख लिहिली जायची. बेर्नादेतला त्याचा अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नव्हता.

गेल्या सहा वर्षांत जामडेग्याच्या मुलींनी, बक्षिसाला बोकड लावतात त्या खस्सी स्पर्धांत, अकरा बोकड जिंकले आणि शिजवून खाल्ले. वसतिगृहात मात्र एकही मुलगी गेली नाही. मैदानावर त्या कुणाला ऐकत नसत, पण टेबलापाशी कागद उघडले की थोरल्या ठरत. मागच्या निवडीहून परतताना गोलकीपर पोलिनाने अख्खी जीप हसवली होती. “समोरच्या संघातल्या बारा वर्षांच्या फुलबॅकचं पोर काठावर भोकाड पसरून बसलेलं, दीदी! मी म्हटलं, बाई गं, आधी त्याला पाज, मग मला अडव.”

पोलिना आता दिल्लीत कुणाच्या तरी घरी भांडी घासत होती. तिच्या आधीच्या दोन सेंटर फॉरवर्डही तिकडेच होत्या. ईस्टर झाला की लिनाची मावशी लिनालाही घेऊन जाणार होती.

एक्स-रे आला त्याच संध्याकाळी लिनाची आई, फुलकेरिया, मैदानाच्या कडेला येऊन उकिडवी बसली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने एक कागद काढला.

“हा घ्या, दीदी.”

पंचायतीचा जन्मदाखला होता. नाव असुंता सोरेंग. लिनाहून सतरा महिन्यांनी धाकटी. दोन वर्षांची असताना ती तापाने गेली होती. तिचा जन्म पंचायतीत नोंदलेला होता, मरण नोंदवायला कुणी गेलं नव्हतं.

“फुलकेरिया, हा असुंताचा आहे.”

“मला वाचता येत नाही, पण तेवढं कळतं.”

“एकदा हे नाव लागलं की सुटायचं नाही. पुढे नोकरी, लग्न, सगळीकडे हेच. लिना कागदावर उरणारच नाही.”

“दिल्लीत उरेल? पोलिनाची मालकीण तिला छोटी म्हणते. वर्ष झालं, नावसुद्धा विचारलं नाही तिनं.”

“मी आजवर एक तारीख खोटी लिहिली नाही गं.”

“ठाऊक आहे. गावात कुणाला ठाऊक नाही?” फुलकेरिया उठली, लुगडं झटकलं. “तुमच्या खऱ्या तारखा दिल्लीत भांडी घासतायत, दीदी. पोर माझी मेली, नाव मी देतेय. तुमचं काय जातंय?”

बेर्नादेतने दाखला घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. तिचा जात होता तो फक्त अभिमान, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तीन आठवडे अर्ज तिच्या टेबलावर पडून होता. उंची, वजन, खेळाची जागा, संघाने जिंकलेले सामने, सगळं तिने शाईने भरलं. नावाचा आणि जन्मतारखेचा रकाना तेवढा कोरा ठेवला. फुलकेरिया दर रविवारी चर्चबाहेर भेटायची. विचारायची नाही, नुसती बघायची.

निवडीच्या सकाळी बेर्नादेत आणि लिना बसने निघाल्या. लिनाने हॉकीची काठी गुडघ्यांत धरली होती.

“आई दोन दिवस मला असुंता म्हणतेय,” ती म्हणाली. “सवय व्हावी म्हणून.”

“मग? झाली?”

“मला झाली. तिलाच होत नाही. हाक मारते आणि मग चुलीकडे तोंड करून बसते.” लिना काठीवरची पट्टी नखाने उचकटत राहिली. “दीदी, असुंताबद्दल कुणी काही विचारलं तर काय सांगू? ती चालायची कशी, तेही मला आठवत नाही.”

“कुणी काही विचारणार नाही.”

“मग तुम्ही लिहीत का नाही?”

बेर्नादेतने काच ओढून घेतली. खिडकीतून धूळ आत येत होती.

लिनाने त्या दिवशी तीन गोल केले. तिसरा तर उलट्या हाताने. काठावरचे लोक उभे राहिले. दुसऱ्या शाळेच्या एका मास्तराने बेर्नादेतला कोपर लावलं. “या वर्षी तरी शहाण्या झालात ना मॅडम? की परत बाप्तिस्म्याची वही काढणार?” तो मनापासून हसला. त्याच्या पाच मुली टेबलापाशी रांगेत होत्या आणि पाचहीजणींचा जन्म एक जानेवारीचा होता.

लिनाची पाळी आली. साहेबांनी एक्स-रे उजेडात धरला आणि चहाचा घोट घेण्याइतक्या वेळात खाली ठेवला.

“ठीक आहे. मुलगी उत्तम आहे, मॅडम. कुठे लपवून ठेवली होती इतके दिवस?” त्यांनी अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि थांबले. “हे काय? नावच नाही. तारीखही नाही.”

“घाईत राहिलं,” बेर्नादेत म्हणाली.

“मग आता सांगा. मी लिहितो.”

लिना तिच्याकडे बघत नव्हती. ती पायातल्या बुटांकडे बघत होती. बूट पोलिनाचे होते, एका मापाने मोठे. रांगेतली मागची मुलगी पुढे सरकली. साहेबांनी पेनचं टोक कागदावर टेकवलं. शाईचा बारीक ठिपका उमटला आणि पसरू लागला.

“मॅडम, नाव?”

बेर्नादेतने पिशवीतून पंचायतीचा दाखला काढून टेबलावर उलगडला. तिचा आवाज वर्गात असायचा तसाच, स्पष्ट आणि सावकाश निघाला.

“असुंता,” ती म्हणाली. “असुंता सोरेंग.”