बावन्न नंबरची पाठ

त्या रविवारी वेंडेल ओटने शेवटच्या क्षणी समोरच्या गड्याला गोलरेषेवर आडवं केलं आणि आम्ही जिंकलो. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. सामना व्हायचा आहे, ओट अजून कॉलेजात आहे, आणि मी माझी साधी ओळखसुद्धा करून दिलेली नाही.

मी एक जुनी जर्सी आहे. रंग काळा, बाह्यांवर नारिंगी पट्टे, छातीवर आणि पाठीवर बावन्न. माझा जन्म होंडुरासमधल्या एका कारखान्यात झाला. जिने मला शिवलं त्या बाईंनी फुटबॉलचा हा अमेरिकन प्रकार कधी पाहिला नव्हता. पोटरीएवढे दंड असलेल्या माणसांसाठी एवढाले खांदे कापताना त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "हे कपाटाला घालायचं आहे का गं?" तरीही त्यांनी माझी प्रत्येक शिवण दुहेरी घातली. माझा ताठा तिथूनच आला आहे.

खोक्यात बसून मी मार्लो सिटीला आले. तलावाकाठचं हे गाव पूर्वी पोलाद ओतत असे. आता ते स्टोकर्स नावाचा फुटबॉल संघ बाळगतं. पोलादाचं काम त्या मानाने सोपं होतं.

मला लुसील ड्रोझ्द यांनी घेतलं. लुसीलबाई शाळेची बस चालवत. आवाज असा, की त्यांनी 'खाली बस' म्हटलं की बसमधली मुलं बसतच, पण फुटपाथवरचे लोकही बसत. तेव्हा माझ्या पाठीवर हॅलोरन हे नाव शिवलेलं होतं. हॅलोरन हा त्या वर्षीचा नवा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या फळीतला गडी. आता त्याचं असं आहे, की दर एप्रिलमध्ये सगळे संघ ओळीने बसून कॉलेजातली पोरं निवडतात, आणि आदल्या वर्षी जो सर्वांत जास्त हरला त्याला पहिल्यांदा निवडायचा मान मिळतो. आमच्याकडे हा मान पिढीजात आहे.

हॅलोरन समोरच्यांचं कंबरडं मोडणार होता. दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा मोडला. तो आता दातांचा डॉक्टर आहे. हात हलका आहे म्हणतात.

दुसरी कोणी बाई असती तर तिने मला पुसायच्या फडक्यात काढलं असतं. लुसीलबाईंनी राखाडी चिकटपट्टीचा रुंद तुकडा हॅलोरनवर चिकटवला आणि त्यावर जाड पेनाने पुढच्या पोराचं नाव लिहिलं. आमच्या गावात ही रीतच आहे. जर्सी महाग, पोरगं बेभरवशाचं, चिकटपट्टी स्वस्त. माझ्यावर पेटीग्रू आला, त्याच्या अंगावर मँकुसो आला, मँकुसोच्या अंगावर झिमरहॅन्झेल. पेटीग्रू बर्फाच्या पिशवीवरून घसरला. मँकुसोला गवताची ॲलर्जी निघाली. कॉलेजात प्लॅस्टिकचं गवत होतं, त्यामुळे बिचाऱ्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. झिमरहॅन्झेल एके दिवशी सरावाला आला आणि म्हणाला, मला माणसांना पाडण्यात आनंद वाटत नाही. तो आता मधमाश्या पाळतो.

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण मला या सगळ्यांचा अभिमान होता. हजारो जर्सी खुंटीला टांगून म्हाताऱ्या होतात. माझ्या पाठीवर दर वर्षी एका अख्ख्या गावाची आशा चिकटत होती, आणि निघताना माझे दोन धागेही सोबत नेत होती.

आता ओटकडे येऊ. एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी सगळे कॅझच्या गॅरेजमध्ये टीव्हीपुढे जमले होते. कॅझ म्हणजे लुसीलबाईंचा धाकटा भाऊ कॅझिमिर. जन्मभर त्याने मोटारींच्या सीटा शिवल्या आणि दर रविवारी स्टेडियमच्या वाहनतळावर गाडीमागे शेगडी पेटवून पोलिश सॉसेज भाजले. शेजारी डीकन ऱ्हेम. हे चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहत आणि वाहनतळावर बरगड्यांच्या मटणाला.

पडद्यावर नाव आलं: वेंडेल ओट, लाइनबॅकर, नेब्रास्का. बाप डुकरं पाळणारा. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं.

"हा!" लुसीलबाई खुर्चीतून उठल्या. "हाच तो!"

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस," कॅझ म्हणाला.

"मागच्या वर्षी मी चुकले होते. या वर्षी कशी चुकेन?"

"बरगड्या शप्पथ," डीकन म्हणाले, "हा पोरगा मोसमात पंधरा वेळा समोरच्या चेंडूफेक्या क्वार्टरबॅकला झोपवेल."

"पंधरा? वीस म्हणा, डीकन!"

"मला एकच पाहिजे," कॅझ म्हणाला. "तो दोन पायांवर उभा राहावा. बस्स."

"काहीतरी मोठं माग रे, कॅझ. आपल्याला लहान मागितलेलंही मिळत नाही, मग मोठं मागायला काय जातं?"

तेवढ्यात पडद्यावर ओटने संघाची टोपी घातली आणि जर्सी हातात धरली. जर्सीवर बावन्न होतं. आजवर माझ्यावर चिकटलेल्या एकाचाही नंबर माझ्याशी जुळला नव्हता. माझ्या शिवणी शहारल्या. लुसीलबाईंनी खिशातून पेन काढलं.

कॅझने त्यांचा हात धरला. "नाही, लू."

"काय नाही?"

"नाव नाही लिहायचं. अगं, तुझ्या पाठीवर नाव आलं की गडी संपला! हॅलोरन, पेटीग्रू, तो गवतवाला, तो मधवाला... वाहनतळावर सगळे बोलतात. तुझ्या तोंडावर कोणी बोलत नाही, कारण सगळे तुझ्याच बसने शाळेत गेलेत."

"डीकन, तुम्हीही?"

डीकन छताकडे पाहू लागले. "मी देवाला मानतो, लुसीलबाई, अपशकुनाला नाही. पण देवही थोडा घाबरलेला दिसतो."

"या वर्षी नाव लिहिलंस तर माझ्या शेगडीपाशी उभं राहायचं नाही," कॅझ म्हणाला. "सख्खी बहीण असलीस तरी."

हे तो बोलून गेला आणि त्यालाच ते लागलं. कारण लुसीलबाईंचा नवरा वारला त्या आठवड्यातही त्या रविवारी शेगडीपाशीच उभ्या होत्या, आणि कॅझने नेहमीसारखं सॉसेज पुढे केलं होतं. ती जागा गेली तर रविवारी त्या जाणार कुठे? लुसीलबाईंनी पेन खिशात ठेवलं. घरी येऊन माझ्या पाठीवरच्या सगळ्या पट्ट्या सोलल्या. झिमरहॅन्झेल निघाला, मँकुसो निघाला, पेटीग्रू निघाला. त्यांच्याबरोबर हॅलोरनची शिवलेली अक्षरंही उखडून आली. इतक्या वर्षांनी पाठ मोकळी झाली. मला वाटलं होतं बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

सप्टेंबर आला. घरच्या मैदानावरचा पहिला सामना. ऊन असं, की शेगडी पेटवायची गरज नव्हती. त्या उन्हात लुसीलबाई वाहनतळावर आल्या त्या हिवाळी कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"बरं नाही का?" डीकननी विचारलं.

"थंडी वाजतेय."

"लुसीलबाई, तुमच्या नाकावरून घाम माझ्या बरगड्यांवर पडतोय."

कॅझ नुसता कोटाकडे बघत राहिला. मित्रांनो, कोटाच्या आत मी होते, आणि माझ्या पाठीवर सकाळीच चिकटवलेल्या पट्टीवर ओट होता. थंडीचं सोडलं, तर बाई खोटं बोलल्या नव्हत्या. नावाचं कोणी विचारलंच नव्हतं.

कॅझ तोंड उघडणार इतक्यात एक मळका ट्रक आला आणि दोन गाड्यांच्या मधोमध आडवा थांबला.

"ए पोरा!" कॅझचा राग आयता तिकडे वळला. "ती काय तुझ्या बापाची जागा आहे? दोघांची जागा खाल्लीस!"

"माफ करा, सर." ट्रकमधून एक पोरगा उतरला, उतरतच राहिला. "पार्किंगचे पैसे भरले, पण खेळाडूंचं दार कुठे आहे ते कळेना."

त्याला मान नव्हती. डीकनच्या हातातला चिमटा पडला.

वाहनतळावर गर्दी झाली. ओट लाजून सगळ्यांशी हात मिळवत होता आणि मधूनच लोकांच्या पाठींकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे... माझ्या नावाची जर्सी कोणी घेतली नाही अजून?"

सगळे आपापल्या ताटल्या चाचपू लागले. लोक त्याला कसं सांगणार, की पोरा, आमचं प्रेम आहे, पण दिवाळं निघालेल्या दुकानदारासारखं आम्ही आता ते उधारीवर देत नाही?

"चालेल," तो म्हणाला. "आईनंही नाही घेतली. ती म्हणते, आधी संघात टिक."

लुसीलबाईंनी कॅझकडे एकदा पाहिलं. मग शेगडीकडे. मग एकेक बटण काढून कोट उतरवला, कॅझच्या हातात दिला आणि पाठ फिरवली.

पोरगा वाकून वाचू लागला. इंग्रजीत तीन अक्षरांचं नाव, पण बराच वेळ वाचत राहिला. त्याने अंगठ्याने पट्टीची सुटलेली कड दाबली. "मॅडम, ही निघणार तर नाही ना?"

"ते तुझ्यावर आहे, बाळा," लुसीलबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर कॅझने कोट घडी करून गाडीच्या टपावर ठेवला आणि बहिणीसाठी केलेलं सॉसेज स्वतः खाल्लं. लुसीलबाई स्टेडियमकडे निघाल्या. माझ्या पाठीवर ओट होता आणि मी ताठ होते.

सामना सांगत बसत नाही. घड्याळात शेवटचे सेकंद, आपण चार गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे, गोलरेषा हाताच्या अंतरावर, आणि त्यांचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. त्यांचा धिप्पाड गडी चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारून आला. आमचा बावन्न नंबर मधून उठला आणि दाराला अडसर लागावा तसा लागला. गडी थांबला. चेंडू थांबला. शिट्टी वाजली. तुम्ही पहिल्या ओळीत जे वाचलंच नव्हतं, ते आत्ता घडलं.

आणि मग वेंडेल ओटने आनंदाने उंच उडी मारली, खाली आला, आणि त्याचा घोटा मुरगळला.

सत्तर हजार माणसं एकदम गप्प झाली. त्यातली बरीचशी माझ्याकडे वळून बघत होती.

वाहनतळावर शेगडीपाशी न्यायसभा बसली. एक पक्ष म्हणे सामना लुसीलमुळे जिंकलो, दुसरा म्हणे घोटा लुसीलमुळे गेला. बाई मध्ये उभ्या होत्या, कोट हातात, निकालाची वाट बघत. डीकननी मिशीवरचा मसाला पुसला.

"शिट्टीच्या आधी जे झालं ते खेळात धरतात," ते म्हणाले. "शिट्टीनंतरचं कोणत्याही नियमात धरत नाहीत. शिट्टी वाजली तेव्हा पोरगा कसा होता?"

सगळे कॅझकडे बघू लागले. कॅझने पायाने खडा उडवला. "दोन पायांवर उभा होता," तो म्हणाला.

मग तो गाडीकडे गेला. येताना सीट शिवायची वाकडी सुई आणि मेणाचा जाड दोरा घेऊन आला. कमरेचा पांढरा एप्रन सोडला आणि त्यातून तीन अक्षरं कापली.

"पाठ फिरव, लू."

"अंगावरच शिवणार?"

"हलू नकोस. तू हललीस की माझं बोट जातं."

"कॅझ, आणि हा पोरगाही गेला तर?"

"तर मी उसवणार नाही. जन्मभर ओट घालून फिर." त्याने दात लावून दोरा तोडला आणि ताटलीत सॉसेज वाढून बहिणीपुढे धरलं. "घे. गार होतंय."

ओट दोन आठवड्यांनी घोट्याला पट्ट्या बांधून परतला. संघ त्या मोसमात पुढे फारसं काही जिंकला नाही, पण तो प्रत्येक रविवारी उभा राहिला. त्याची आई नेब्रास्काहून आली तेव्हा शेगडीपाशी आली आणि तिने माझे टाके उलटसुलट करून तपासले. म्हणाली, "डुकरालाही तुटणार नाहीत." एवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

मित्रांनो, आता मी थकले आहे. दुसऱ्या अक्षराला अजून सॉसेजचा वास येतो. एप्रिल पुन्हा जवळ आला आहे, आणि लुसीलबाईंनी काल दुकानातून चिकटपट्टी आणली. पाइपासाठी आणली असं त्या म्हणतात. सबब, हा अर्ज.

मा. सरव्यवस्थापक, मार्लो सिटी स्टोकर्स यांचे सेवेशी सादर. अर्जदार जर्सी ही गेली अनेक वर्षे आपल्या संघाच्या अपेक्षा पाठीवर विनामोबदला वाहत असून, आता तिच्या पाठीवर कायमस्वरूपी शिवणकाम झालेले असल्याने नवीन नावास जागा शिल्लक नाही. तरी अर्जदार हयात असेपर्यंत संघाने बचावाच्या फळीत एकही नवीन खेळाडू निवडू नये, तसेच अर्जदारास थंड पाण्यात, उलट बाजूने व हातानेच धुण्याबाबत संबंधितांस लेखी आदेश व्हावेत. खेळाडू निवडणे अगदीच अपरिहार्य झाल्यास, त्याचे आडनाव ओट असावे, ही नम्र विनंती.